गळ टाकायला गेलेलं पोर कुणाच्या नजरेत आहे?

बातमी तुम्हाला पाठ झालेली आहे. गावाचं नाव तेवढं बदलतं. ‘शेततळ्यात बुडून दोघा भावंडांचा मृत्यू’ असा मथळा, खाली शाळेच्या ओळखपत्रावरचे दोन फोटो आणि शेवटची ओळ ठरलेली : ‘याप्रकरणी आकस्मिक मृत्यूची नोंद करण्यात आली आहे.’ ही शेवटची ओळ एकदा थांबून वाचा. सरकारी दप्तराच्या भाषेत तिचा अर्थ एवढाच की, कुणी मारलं नाही, झालं ते आपसूक झालं. गावही तसंच मानतं. दहावा-तेरावा होतो, ‘नशिबात होतं’ म्हणून बायाबापड्या डोळे पुसतात आणि पुढच्या मे महिन्यात दुसरी चार पोरं गळ घेऊन त्याच वाटेनं निघतात.

पोरं पाण्यावर जातात ती काय नुसती पोहायला जात नाहीत. निम्मी ओढ माशांची असते. बांबूची नाहीतर वेताची काठी, दुकानातून आणलेला दोन रुपयांचा गळ, तंगूस, डबड्यात ओल्या मातीतली गांडुळं, एवढ्या भांडवलावर दुपार निघते. मरळ लागला तर राजा, नाहीतर चिलापी आणि खेकडे आहेतच. पहिला पाऊस पडला की चढणीचे मासे धरायला ओढ्यावर आणि तलावाच्या सांडव्यावर झुंबड. माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या काठाला, परंड्याकडं सीना-कोळेगावच्या पाण्याला, नळदुर्गच्या बोरीला, नाहीतर आपल्याच गावच्या पाझर तलावाला सुट्टीच्या दिवशी दुपारी एक चक्कर मारा. मी म्हणतो त्यात काही वाढवून सांगितलेलं नाही, हे तुमचं तुम्हाला दिसेल. यात वाईट काही नाही, हेही सांगून टाकतो. आम्हीही तेच केलं. मोबाईलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा गळाकडं बघत बसलेलं पोर मला तरी जास्त आवडतं.

प्रश्न वेगळा आहे. शहरात आणि परदेशात याच छंदाचे क्लब असतात. मुंबईला पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळवाल्यांची संस्था कित्येक वर्षांपासून आहे. इंग्लंडात तर तेरा वर्षांखालच्या मुलाला गळाचं लायसन लागत नाही आणि तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला ते फुकट मिळतं, इतका तो मुलांचा खेळ मानला जातो. पण तिथं क्लब म्हटला की, आज कोणती मुलं पाण्यावर आहेत, बरोबर मोठं माणूस कोण आहे, त्या माणसाची माहिती कुणी तपासली आहे आणि मुलानं तक्रार करायची तर कुणाकडं, हे लिहून ठेवावं लागतं. आपल्याकडं क्लब नाही, टोळी आहे. टोळीची वही नसते. शाळा म्हणते सुट्टी होती. आईबाप म्हणतात आम्ही रानात होतो. तळ्याचा मालक म्हणतो मी बोलावलं नव्हतं. तलावाचा ठेका घेतलेली मच्छीमार संस्था म्हणते आमचा संबंध नाही. ग्रामपंचायत म्हणते तलाव जलसंधारणचा. म्हणजे पोर घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे चार तास ते कुणाचंच नसतं. सगळी गोम या चार तासांत आहे.

आता पाण्याचं बघू. तुम्ही म्हणाल, पाणी काय आजचं आहे का? नाही, पण आजचं पाणी वेगळं आहे. आपला जिल्हा दुष्काळी. २०१२-१३ गेलं, २०१५-१६ गेलं. २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरणाचा तळ दिसला आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. त्या काळात आपण जमीन खोदायला लागलो. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आलं, नाले सरळ आणि खोल झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आलं. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आलं, तलावातला गाळ रानात गेला. ही कामं चांगली झाली. मी त्यांच्या विरोधात नाही, माझ्याही भावकीत त्यांच्यावर द्राक्षबाग उभी राहिली. पण या सगळ्या खोदकामानं शिवारातलं पाणी आईबापांच्या ओळखीचं राहिलं नाही, हे कुणी बोललं नाही.

जुना पाझर तलाव काठापासून हळूहळू खोल होत जायचा. पोर गुडघ्याएवढ्या पाण्यातून कमरेएवढ्या पाण्यात जायचं, भीती वाटली की मागं फिरायचं. गाळ काढताना पोकलेननं जिथं माती चांगली लागली तिथं खोल घेतलं आणि जिथं मुरूम लागला तिथं सोडून दिलं. पाऊस झाला, सगळं सारखं झाकलं गेलं. आता वरून दिसायला एकच पाणी, आणि खाली कमरेएवढ्या पाण्याच्या पुढच्याच पावलाला दोन पुरुष खड्डा. गळ अडकला म्हणून सोडवायला चार पावलं आत गेलेलं पोर त्या चौथ्या पावलाला जातं. सीना, तेरणा, मांजरा या नद्यांच्या पात्रात वाळू उपशानं जिथं डोह पडलेत तिथं हीच गत. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात जो पूर आला त्यानं तर पात्रं आणि ओढे कुठल्या कुठं सरकवले. त्यामुळं ‘आमच्या लहानपणापासूनचं पाणी आहे, आम्हाला माहिती आहे’ हे वाक्य आता बंद करा. ते पाणी आता तुम्हालाही माहिती नाही.

शेततळ्याची तऱ्हा तर याहून वाईट. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल हे सगळ्यांना माहिती असलेलं माप. तीन मीटर म्हणजे जवळजवळ दहा फूट. चारी बाजूंनी उतार, उतारावर प्लास्टिकचा कागद, कागदावर शेवाळ. गुरांच्या पाण्याच्या हौदात पडलेलं पोर कडा धरून वर येतं. शेततळ्यात धरायला कडाच नसते. चांगला पोहणारा गडीसुद्धा त्या कागदावर तीनदा वर चढतो आणि चारदा खाली घसरतो. दमला की संपलं. एक पोर गेलं की त्याला काढायला दुसरं उतरतं, दुसऱ्यासाठी आई उतरते. एका तळ्यातून दोन-दोन, तीन-तीन मृतदेह निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो त्याचं कारण हे आहे. आणि हल्ली शेततळ्यात मत्स्यबीज सोडायची पद्धत वाढली आहे, कटला, रोहू, मृगळ. जोडधंदा म्हणून ते उत्तमच. पण तळ्यात मासे आहेत ही खबर पोरांना मालकाच्या बायकोच्या आधी लागते, हे ध्यानात घ्या.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या पोरांना पोहता येत नाही. आमच्या वेळी विहिरीला पाणी होतं. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधायचं, चुलत्यानं वरून ढकलून द्यायचं, चार दिवस नाकातोंडात पाणी जायचं, पाचव्या दिवशी हात मारता यायचे. शिकवणारा माणूस घरातलाच असायचा आणि विहिरीच्या पायऱ्यांवर बसलेला असायचा. पुढं बोअर आले, विहिरी आटल्या, काहींत कचरा पडला. दुष्काळात वाढलेल्या पोरांनी पोहण्याएवढं पाणी बघितलंच नाही. म्हणजे एकीकडं शिवारात खोल पाणी वाढलं आणि दुसरीकडं पोहणं येणारी पिढी संपली. बापाला पोहता येतं म्हणून बाप निर्धास्त असतो आणि पोराला येत नाही हे त्याला त्या दिवशी कळतं.

देशभरात बुडून जाणाऱ्यांचा आकडा मोठा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात ३८ हजारांहून अधिक मृत्यू बुडून झाल्याची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात जगभरात वर्षाला सुमारे तीन लाख माणसं बुडून मरतात असं म्हटलं आहे, आणि त्यातली जवळपास पाव पाच वर्षांखालची लेकरं. बांगलादेश आपल्यापेक्षा गरीब आणि पाण्यानं वेढलेला. तिथं घरोघर डबकी. त्यांनी दोन गोष्टी केल्या. आई कामात असते त्या वेळात, सकाळी नऊ ते दुपारी एक, गावातल्याच एका बाईकडं लहान लेकरं सांभाळायला ठेवली. आणि सहा वर्षांपुढच्या पोरांना गावच्या तळ्यातच बांबूचं मचाण बांधून पोहायला शिकवलं. शहरातला तरण तलाव लागला नाही, परदेशी प्रशिक्षक लागला नाही. आपल्याकडं तर शिकवणारी माणसं गावात आहेत. भोई समाजातल्या पोरांना पाण्याची जाण असते, मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद जन्माचे पोहणारे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी कमी आणि स्वच्छ असतं. पंधरा दिवस, सकाळी दोन तास, दोर बांधून आखलेल्या जागेत, आईबापांच्या देखत त्यांच्याकडून शिकवून घ्यायला ग्रामपंचायतीला किती खर्च येणार आहे? स्वागत कमानीपेक्षा कमी.

तोवर शेततळ्याच्या मालकानं काय करावं? कुंपण करावं, हे खरं उत्तर. पण कुंपणाला पैसे लागतात आणि बहुतेकांच्या यादीत ते शेवटी असतं. म्हणून ज्याला पैसे लागत नाहीत ते आज करा. जाड दोराला हात-हातभर अंतरावर गाठी मारा. दोराचं एक टोक काठावर पक्क्या खुंटाला बांधा, दुसरं उतारावरून पाण्यात तळापर्यंत सोडा. असे चारी बाजूंना चार दोर. पडलेल्या माणसाला धरायला काहीतरी मिळालं की निम्मी लढाई जिंकली. जुन्या टायरची शिडी करून सोडली तर आणखी चांगलं. काठावर एक रिकामा, टोपण घट्ट लावलेला तेलाचा कॅन लांब दोराला बांधून ठेवा. तो फेकायला असतो. तो कुणी फवारणीला नेऊ नये म्हणून मालकानंच घरच्यांना दम देऊन ठेवावा.

आणि हे पोरांना शिकवा, मोठ्यांनीही शिका : कुणी बुडत असेल तर मागं उडी मारायची नाही. काठी पुढं करायची, दोर, साडी, कॅन, हाताला लागेल ते फेकायचं आणि ओरडून माणसं गोळा करायची. बुडणारं लेकरू सिनेमातल्यासारखं हात वर करून ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर येतं, खाली जातं, आवाज निघत नाही, आणि एखाद्या मिनिटात दिसेनासं होतं. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोटावर दाबून पाणी काढणं यात वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर पाठीवर निजवा, नाक चिमटीत धरून तोंडानं दोन श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी जोरात आणि भराभर तीस वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास. एकानं हे करत राहायचं, दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. ही पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून गावातल्या दहा जणांनी अर्धा तास जाऊन शिकून यावी. वाचून येत नाही ते.

मासे धरायच्या दोन रीती मात्र मुळातूनच बंद झाल्या पाहिजेत. एक, तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणं. दुसरी, विहिरीच्या कामावरचं जिलेटीन. मोठी माणसं हे करतात आणि मेलेले मासे गोळा करायला पोरांना पाण्यात घालतात. स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, म्हणजे इंग्रजाच्या राज्यापासून. तरी होतं. पोलीस पाटलांना हे माहिती नसतं असं समजायचं कारण नाही. वळवाच्या दिवसांत दुपारी आभाळ भरून आलं की उघड्या काठावर ओली काठी धरून उभं राहणंही तितकंच वाईट, आपल्याकडं वीज दरवर्षी माणसं आणि जनावरं घेते. पुण्याच्या संस्थेनं काढलेलं ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलवर फुकट आहे, पोरांनाच टाकून द्यायला सांगा, तुमच्यापेक्षा लवकर टाकतील.

इथवर पाण्याचं झालं. आता जे लिहायचं आहे ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. म्हणून सरळ लिहितो.

पाण्याइतकीच भीती माणसाची आहे. विचार करा, पाण्यावर पोरांशी गोड कोण बोलतं? तलावाची राखण करणारा, ठेकेदाराचा माणूस, रोज गळ टाकायला येणारा हौशी पाव्हणा, मोटारसायकलवर लांबच्या धरणावर घेऊन जाणारा ‘दादा’. यातली बहुसंख्य माणसं भली असतात. मीच काय, माझ्या पिढीतले कितीतरी जण अशाच एखाद्या मामाकडून गाठ मारायला शिकलो. पण ज्याला लेकराशी वाईट वागायचं असतं तोही याच जागा शोधतो, कारण इथं पोर आईबापांपासून लांब असतं, अंगावर कपडे कमी असतात, आडोसा असतो आणि विचारणारं कुणी नसतं. तो पहिल्या दिवशी काही करत नाही. आधी मासा देतो. मग चांगला गळ देतो, मोबाईल बघायला देतो, तंबाखूची पुडी देतो. मग ‘हे घरी सांगू नको’ असं एक लहानसं गुपित तयार करतो. तंबाखूचं गुपित पोरानं पाळलं की त्याला कळतं, हे पोर पुढचंही पाळेल. पुढं जे होतं ते पोर कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर ‘तू तिथं गेलाच कशाला’ म्हणून आधी त्यालाच मार बसणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

‘मुलीचं ठीक आहे, मुलाला काय होतंय’ हे वाक्य तर डोक्यातून काढूनच टाका. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून एक अहवाल काढला, त्यात आपलं महाराष्ट्र राज्यही होतं. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्यांच्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच निघाले. त्रास देणारा निम्म्या वेळा ओळखीचा किंवा विश्वासातला माणूस होता. परका, पोरं पळवणारा, पोत्यात घालणारा अशी जी अफवा दर दोन वर्षांनी गावात उठते आणि त्यात एखाद्या बिचाऱ्या भटक्याला मार बसतो, तो माणूस या आकड्यांत फारसा नाही. जो आहे तो तुमच्या ओसरीवर चहा पिऊन गेलेला आहे.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती मार्चपर्यंत येत नाहीत. हंगामी वसतिगृहात न गेलेली लेकरं आजी-आजोबांकडं राहतात. आजीला दिसत नाही, आजोबांना चालवत नाही. अशा पोराला तलावावरच्या माणसानं जाळं ओढायला बोलावलं, दोन मासे आणि वीस रुपये दिले, तर आजीला ते कौतुकाचं वाटतं. घरात कालवण होतं. पण हे पोर कुणाचं तरी कामगार झालं हे कुणाच्या लक्षात येत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला २०१६ पासून पूर्ण बंदी आहे. शाळा सांभाळून स्वतःच्या घरच्या, धोका नसलेल्या कामात हातभार लावायला मोकळीक आहे, त्यामुळं भोयाच्या घरातलं पोर बापाबरोबर शाळा सुटल्यावर जाळं विणत बसलं तर तो गुन्हा नव्हे. पण दुसऱ्याच्या ठेक्यावर रात्रीची राखण करायला पोराला झोपडीत झोपवणं हा गुन्हा आहे. ते गावानं ‘मदत’ म्हणून खपवून घेऊ नये.

कायदा काय म्हणतो ते संस्थेच्या चेअरमननं आणि सरपंचांनी नीट समजून घ्यावं. लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचा मुलगा असो वा मुलगी, दोघांना तो सारखाच. गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षक असो, डॉक्टर असो, शेजारी असो. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. म्हणजे तलावावरच्या राखणदाराविषयी पोरानं काही सांगितलं आणि चेअरमननं ‘संस्थेचं नाव खराब होईल’ म्हणून त्याला गुपचूप काढून टाकलं, तर कायद्यापुढं चेअरमनही उभा राहतो. गावकी बसवून, दंड घेऊन, देवळात नारळ फोडून हे प्रकरण मिटत नाही. मिटवणारेच अडकतात.

आईबापांना मात्र वेगळीच धास्ती असते, पोलीस ठाण्याची आणि बदनामीची. त्यांनी हे जाणून घ्यावं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा आहे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यांत. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचं नाव, गाव, शाळा, फोटो छापायला वर्तमानपत्राला बंदी आहे, ती आम्हालाही लागू आहे. फोन १०९८, रात्री-अपरात्री, फुकट. ११२ लावला तरी चालतो. लेकरानं काही सांगितलं तर आधी एवढंच म्हणा की, सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही. खोदून खोदून दहा जणांनी दहा वेळा विचारू नका. त्यानं जबाबही बिघडतो आणि पोरही.

बाहेरच्या देशांत हे सगळं आपोआप झालं असं समजू नका. इंग्लंडात मुलांच्या खेळांतल्या संस्थांसाठी संरक्षणाचा वेगळा विभाग २००१ मध्ये निघाला, तोही आधी अब्रूचे धिंडवडे निघाल्यावर. खेळाच्या प्रशिक्षकानं सोळा-सतरा वर्षांच्या शिष्याशी संबंध ठेवणं हा गुन्हा ठरवायला तर तिथं २०२२ साल उजाडावं लागलं. ‘आमच्यात असं होत नाही’ असं तेही म्हणतच होते.

मग आपण काय करायचं? मला मोठी योजना सुचवायची नाही, योजना भरपूर आहेत. माझं म्हणणं एवढंच की त्या चार तासांना मालक नेमा. राज्याच्या निर्णयाप्रमाणं प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी आणि सरपंच तिचे अध्यक्ष. बहुतेक ठिकाणी ती फाईलमध्ये आहे. तिला हे काम द्या. गावाच्या शिवारातली किती शेततळी, किती खोल नाले, कुठल्या तलावात गाळ काढलेले खड्डे, याची एक यादी तलाठी आणि ग्रामसेवक (आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) एका दिवसात करू शकतात. गळ टाकायची एकच जागा ठरवा, उथळ, रस्त्यावरून दिसणारी. सुट्टीच्या दिवसांत तिथं दोन मोठी माणसं पाळीनं बसतील. एक नाही, दोन. एकटा माणूस आणि पोरं ही गोष्टच नको, तो कितीही भला असो. यानं भल्या माणसाचंही संरक्षण होतं, त्याच्यावर उद्या कुणी खोटं बालंट घेऊ शकत नाही. अंधार पडल्यावर पाण्यावर पोर दिसता कामा नये. राखणदाराच्या झोपडीत पोरानं जायचं नाही आणि राखणदारानं बोलवायचं नाही. कुणी लेकराला मोटारसायकलवर दुसऱ्या गावच्या धरणाला नेणार असेल तर आईबापांना सांगून, आणि एकट्याला नाही. ठेका देताना, नूतनीकरण करताना या अटी संस्थेकडून लिहून घ्यायला ग्रामपंचायतीला कुणी अडवलेलं नाही.

मच्छीमार संस्थांची तक्रारही मला माहिती आहे. ‘पोरं आमचे मासे चोरतात, वर आम्हीच त्यांना सांभाळायचं?’ तक्रार खरी आहे, बीज सोडायला पैसे पडतात. पण हाकलून दिलेलं पोर घरी जात नाही, ते पलीकडच्या, कुणाला न दिसणाऱ्या काठाला जातं. आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या जागी, गळानं मारायला मोकळीक दिली तर चार किलो चिलापी जाईल, आणि चिलापी गेलेली तुम्हालाही हवीच असते.

राहता राहिली सरकारी मदत. ती नंतरची गोष्ट आहे, तरी सांगतो, कारण यातही एक मेख आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य बसतो, पाण्यात बुडून मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात. पण वयाची अट १० ते ७५ आहे. सात-आठ वर्षांचं लेकरू गेलं तर ते या योजनेत बसत नाही. शाळेत जाणाऱ्या पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राजीव गांधींच्या नावाची वेगळी अपघात योजना आहे, तिचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो. मुख्याध्यापकांनी कागद स्वतःहून करावेत, ज्या घरात लेकरू गेलंय त्या घराला हेलपाटे मारायला लावू नयेत.

शाळांना सुट्ट्या लागतात एप्रिल संपता संपता आणि १ मेला ग्रामसभा असते. गेल्या कित्येक वर्षांत तुमच्या गावच्या ग्रामसभेत घरकुल, गटार, पाणीपट्टी सोडून पोरांचा विषय निघाल्याचं कुणाला आठवतंय का, विचारून बघा. विषयपत्रिका सात दिवस आधी लागते. म्हणजे विषय घालायचा तर तो २० एप्रिलच्या आत लेखी द्यायला हवा. एक ओळ पुरते : ‘गावच्या शिवारातील तलाव व शेततळी येथे मासे धरण्यास जाणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेबाबत.’ खाली कुणाही मतदाराची सही चालते.